संगणकाचें बंद दार

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यांतील एका बुधवारची हकीकत सांगून मी आजच्या विषयाला आरंभ करतों. मी वसईस राहतों. सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी करून निवृत्त झालों. शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि वर अध्यापनाची पदविका. नोकरींत असतांना इतर शिक्षकांबरोबर एमएस-सीआयटीची परीक्षा द्यावी लागली, तेवढीच माझी संगणकविद्या. तेव्हां मी तुमच्यापुढें तज्ज्ञ म्हणून बोलत नाहीं. एकदां ठेंच लागलेला, आणि त्यानंतर वाचून, जाणत्यांना विचारून व स्वतः करून पाहून थोडेंसें शिकलेला एक मनुष्य म्हणून बोलत आहें.

निवृत्तीनंतर मीं एक छंद लावून घेतला. आमच्या वसईंत वाडवळी, सामवेदी अशा बोली अजून घरोघर बोलल्या जातात. परंतु त्यांतील जुनीं लग्नगीतें म्हणणाऱ्या बायका आतां थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्या ओटीवर बसून मीं तीं गीतें ध्वनिमुद्रित केलीं, शब्द उतरवून घेतले, आणि सारें एका लॅपटॉपांत सांठविलें. गाणाऱ्यांपैकीं चौघी आज हयात नाहींत. त्यांचा आवाज त्या एका यंत्राखेरीज दुसरीकडे कोठेंहि नव्हता.

त्या बुधवारीं सकाळीं यंत्र उघडलें, तों रात्रीं त्याचें अपडेट झालेलें. पडद्यावर नेहमींचें चित्र, माझें नांव, आणि खालीं परवलीच्या शब्दाची चौकट. मीं शब्द टंकला. उत्तर आलें, शब्द चुकीचा आहे. पुन्हां टंकला, तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोजून टंकला. उत्तर तेंच. वर्षानुवर्षें बोटांना पाठ असलेला शब्द एका रात्रींत खोटा कसा ठरला, हें कांहीं केल्या उमजेना. भर पावसांत लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून मी एका दुकानांत गेलों. तेथील तरुण कामांत गढलेला होता. मान वर न करतांच तो म्हणाला, "सर, अपडेटनंतर असं होतं. उद्यां दहा वाजतां आणा. फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम." मीं विचारलें, "आणि आंत जें आहे त्याचें काय?" तो म्हणाला, "तें जाणार."

रात्रीं झोंप लागली नाहीं. पहाटे उठून पुन्हां यंत्रापुढें बसलों. परवलीच्या शब्दाच्या चौकटींत उजव्या कडेला डोळ्याचें एक चिन्ह असतें. तें दाबून धरलें कीं ठिपक्यांच्या जागीं टंकलेलीं अक्षरें दिसतात. इतक्या वर्षांत मीं तें कधीं दाबलें नव्हतें. त्या पहाटे दाबलें, आणि पाहतों तों माझ्या इंग्रजी शब्दाऐवजीं देवनागरी अक्षरांचा गोंधळ! लग्नगीतें उतरविण्यासाठीं मराठी कळफलक मींच बसविलेला होता. यंत्र नव्यानें सुरू झालें तेव्हां तो पुढें येऊन बसला होता. कोपऱ्यांतील भाषेची खूण बदलून इंग्रजी केली, तोच जुना शब्द टंकला, आणि दार उघडलें. मी दहा वाजतां दुकानांत गेलों असतों, तर त्या चौघींचे आवाज अर्ध्या तासांत पुसले गेले असते. आणि दोष त्या तरुणाचा नव्हे, माझ्या उतावळेपणाचा असता.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. अपडेटनंतर संगणक आपल्याला आंत घेत नाहीं, तेव्हां बहुधा दार अडलेलें असतें. आंतील वस्तू जागच्या जागीं असतात. त्या नाहींशा होतात त्या बहुतेक वेळां आपण घाईनें केलेल्या उपायांनीं. तेव्हां कोणतें कुलूप अडलें आहे हें आधीं ओळखावें आणि मग हात घालावा.

येथें कोणी विचारील, "मग हीं अपडेटें हवींतच कशाला? बंद करून टाकावीं." हा विचार माझ्याहि मनांत आला होता. परंतु २०१७ सालची गोष्ट ऐका. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोजमधील एका भगदाडाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. जवळजवळ दोन महिन्यांनीं, १२ मे रोजीं, त्याच भगदाडांतून 'वॉनाक्राय' नांवाचा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला आणि सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणकांत त्यानें लोकांच्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले. ज्यांनीं मार्चची दुरुस्ती घेतली होती ते वांचले. तेव्हां अपडेट टाळणें म्हणजे पावसाळ्यापूर्वीं कौलें न चाळण्यासारखें आहे. शिवाय विंडोज १० या आवृत्तीचा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, त्यामुळें अनेक घरांतून विंडोज ११ आलें आहे, आणि नव्या आवृत्तीबरोबर नवीं कुलुपेंहि आलीं आहेत.

या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात. २००३ सालापासूनचा हा परिपाठ आहे. अमेरिकेंतील मंगळवारची सकाळ म्हणजे आपली रात्र. म्हणून दारें अडण्याच्या पुष्कळशा तक्रारी आपल्याकडे बुधवारीं किंवा त्यापुढील एकदोन दिवसांत ऐकूं येतात. माझाहि तो बुधवारच होता.

आतां परवलीच्या शब्दाविषयीं थोडें. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याला सांगावयाचा गुप्त शब्द तो परवलीचा शब्द. संगणकावर ही पद्धत अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांच्या हाताखालीं १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सुरू झाली. एकच मोठें यंत्र अनेक जण वांटून वापरीत, म्हणून प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवण्यासाठीं हा उपाय निघाला. त्या काळीं सर्वांचे शब्द एका फाईलींत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली एका चुकीमुळें स्वागताच्या मजकुराची आणि या शब्दांच्या फाईलीची अदलाबदल झाली, आणि त्या दिवशीं जो जो यंत्रावर आला त्याला सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले!

यावरून शहाणपण आलें. आतां यंत्र तुमचा शब्द जसाच्या तसा जपून ठेवीत नाहीं. त्याचें गणिती पीठ करून ठेवतें. तुम्ही शब्द टंकलात कीं त्याचेंहि तसेंच पीठ करतें आणि दोन्ही ताडून पाहतें. तांदूळ दळून पीठ होतें, पिठाचे पुन्हां तांदूळ होत नाहींत. यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, एकहि अक्षर इकडचें तिकडे झालें तर पीठ अगदीं निराळें होतें, म्हणून यंत्राला 'जवळजवळ बरोबर' असें कांहीं कळत नाहीं. दुसरी, विसरलेला शब्द तुम्हांला कोणी सांगूं शकत नाहीं. फार तर नवा ठरवितां येतो. "तुमचा जुना पासवर्ड मी काढून देतों" असें फोनवर म्हणणाऱ्या अनोळखी मनुष्यापासून दूर राहावें.

आतां कुलुपें एकेक करून पाहूं. क्रम महत्त्वाचा आहे. सोप्यापासून अवघडाकडे जावें, हा वर्गांतील नियम येथेंहि लागू आहे.

पहिली गोष्ट वेळेची. अपडेट चालूं असतांना पडद्यावर शेंकड्यांचा आंकडा फिरत असतो आणि संगणक बंद करूं नका अशी सूचना असते. तो आंकडा एके ठिकाणीं अर्धा अर्धा तास अडून राहतो, आणि आपण अधीर होऊन बटण दाबून यंत्र बंद करतों. तेथेंच घोटाळा होतो. आमच्या वसई-विरारकडे पावसाळ्यांत वीज जाणें नवें नाहीं. लॅपटॉपाला निदान बॅटरीचा आधार असतो. मेजावरच्या संगणकाला तोहि नसतो. तेव्हां आभाळ भरून आलें असेल त्या दिवशीं मोठें अपडेट सुरू करूं नये, आणि लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडूनच करावें. कित्येक तास लोटूनहि पडद्यावर कांहींच हालचाल नसेल, तरच बटण दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावें व पुन्हां सुरू करावें.

दुसरी गोष्ट अक्षरांची. कॅप्स लॉकचा दिवा पाहावा. आंकड्यांची पिन असेल आणि उजवीकडील आंकड्यांचा खण वापरीत असाल, तर नम लॉक लागलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. मग डोळ्याचें चिन्ह दाबून आपण खरोखर काय टंकलें तें वाचावें. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांत भाषेची खूण असते. ती मराठीवर गेली असेल तर इंग्रजी 'एच' दाबतां 'प' उमटतो आणि 'एल' दाबतां 'त' उमटतो. ठिपके मात्र ठिपकेच दिसतात, म्हणून मनुष्य फसतो. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला कीं कळफलक बदलतो. आणखी एक बारकी गोष्ट. आपल्यापैकीं पुष्कळांच्या परवलीच्या शब्दांत नांव, मग 'ॲट'चें चिन्ह आणि मग आंकडे असतात. अमेरिकन कळफलकावर हें चिन्ह दोनच्या कळीवर असतें; ब्रिटिश कळफलकावर त्या जागीं अवतरणचिन्ह असतें. अपडेटनंतर कळफलक अमेरिकन सोडून ब्रिटिश झाला, तर सगळीं अक्षरें जागच्या जागीं आणि नेमकें तेवढें एक चिन्ह चुकीचें, असें होतें. अशा वेळीं डोळ्याचें चिन्हच खरें काय तें सांगतें.

तिसरी गोष्ट, यंत्र कोणता शब्द मागत आहे तें नीट वाचावें. पिन निराळी आणि परवलीचा शब्द निराळा. पिन त्या एकाच यंत्रापुरती असते आणि त्याच्या पोटांतील एका सुरक्षा-चिपेशीं बांधलेली असते. परवलीचा शब्द बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा असतो. तो कोणत्याहि यंत्रावरून चालतो. अपडेटनंतर पिन उपलब्ध नाहीं असें उत्तर येऊं शकतें. तेव्हां घाबरूं नये. चौकटीखालीं 'साइन-इन ऑप्शन्स' असें असतें, तेथें किल्लीच्या चिन्हावर दाबून परवलीचा शब्द द्यावा. आतां गंमत पाहा. ऑगस्ट २०२५ च्या एका पूर्वप्रसिद्ध अपडेटनंतर हें किल्लीचें चिन्हच कांहीं यंत्रांवर दिसेनासें झालें. चिन्ह अदृश्य, पण त्याची जागा शाबूत. त्या रिकाम्या जागेवर माऊसचा बाण नेऊन दाबलें कीं चौकट उघडे. कंपनीनें स्वतःच तसें जाहीर केलें. ज्यांना हें ठाऊक नव्हतें त्यांना आपला परवलीचा शब्द वापरण्याची वाटच बंद झाली असें वाटलें असेल.

रोज पिन टंकण्याच्या संवयीमुळें खात्याचा शब्दच विसरला असेल, तर दुसऱ्या फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर जाऊन तो नवा करतां येतो. मात्र तो नवा शब्द तुमच्या यंत्राला कळण्यासाठीं तें इंटरनेटला जोडलेलें हवें. कुलुपाच्या पडद्यावरच, उजव्या खालच्या कोपऱ्यांत, वायफायचें चिन्ह असतें. तेथून आधीं जोडून घ्यावें. नाहीं तर यंत्र जुनाच शब्द मागत राहतें आणि आपण म्हणतों, नवा शब्दहि चालत नाहीं.

चौथी गोष्ट फसवी आहे. दार उघडतें, पण घर रिकामें दिसतें. मुलांचीं छायाचित्रें नाहींत, कागदपत्रें नाहींत, पडदा कोरा. अशा वेळीं अनेकांच्या काळजाचें पाणी होतें. पुष्कळदां झालेलें असतें एवढेंच कीं, तुमची खोली उघडण्यांत अडचण आली म्हणून यंत्रानें तुम्हांला तात्पुरत्या खोलींत बसविलें. तसा संदेशहि एका कोपऱ्यांत आलेला असतो. त्या तात्पुरत्या खोलींत नवें कांहीं लिहूं नये, सांठवूं नये. बाहेर पडतांच तें पुसलें जातें. यंत्र एकदोनदां पुन्हां सुरू करून पाहावें. तरीहि तसेंच राहिलें, तर 'सी' ड्राइव्हमधील 'यूझर्स' या कप्प्यांत आपल्या नांवाचा फोल्डर उघडून पाहावा. वस्तू बहुधा तेथें असतात. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर आधीं काढावी आणि मग दुरुस्तीला हात घालावा.

शब्द बरोबर, पण आंत गेल्यावर पडदा काळाच राहतो, असेंहि होतें. तेव्हां कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून पाहाव्यात. उत्तर आलें तर यंत्र जिवंत आहे. मग पॉवरच्या चिन्हावर जाऊन, शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावें. एक निळा पडदा येतो. ही यंत्राची दुरुस्तीची खोली. तेथून नुकतेंच आलेलें अपडेट काढून टाकतां येतें. संबंध नवी आवृत्ती बसविली असेल, तर साधारण दहा दिवसांच्या आंत जुनीकडे परत जातां येतें. परंतु सावधान! त्याच खोलींत 'रीसेट' नांवाचाहि एक मार्ग आहे, आणि त्याच्या पोटांत दोन फांटे आहेत. एक वैयक्तिक फायली राखून प्रोग्रॅम काढून टाकतो, दुसरा सर्वच पुसतो. इंग्रजी नीट वाचल्याशिवाय तेथें बोट लावूं नये.

पांचवें कुलूप सर्वांत कठीण, आणि त्यासाठींच मी कागद-पेन्सिल जवळ घ्या असें सांगतों. हल्लींच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कवरील सर्व मजकूर गुप्त लिपींत लिहिला जातो. या व्यवस्थेला 'बिटलॉकर' म्हणतात. लॅपटॉप चोरीस गेला तरी चोराला आंतलें वाचतां येऊं नये, हा हेतु. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर नव्यानें बसविलेल्या यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केल्यास, ही व्यवस्था बहुधा आपोआपच सुरू होते. घरच्या माणसांना पत्ताहि नसतो. यंत्राची सुरक्षा-चिप रोज सकाळीं सर्व कांहीं कालच्यासारखें आहे ना, हें तपासून दार उघडते. एखाद्या अपडेटनें यंत्राच्या आरंभींच्या भागांत बदल केला, तर चिपेला संशय येतो, आणि निळ्या पडद्यावर ४८ आंकडी किल्ली मागितली जाते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर कांहीं यंत्रांवर असेंच झालें. त्याच अपडेटमुळें मघां सांगितलेल्या दुरुस्तीच्या खोलींत यूएसबीचे कळफलक आणि माऊस चालेनासे झाले होते. तो दोष २० ऑक्टोबरला दुसरें अपडेट काढून दूर केला गेला.

ही किल्ली कोठें सांपडते? यंत्र ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याशीं जोडलेलें असेल, त्या खात्याच्या पानावर, 'डिव्हाइसेस'खालीं, ती बहुधा सांठविलेली असते. फोनवरूनहि पाहतां येते. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख-क्रमांक दिलेला असतो. तो खात्यांतील क्रमांकाशीं ताडून पाहावा, म्हणजे दुसऱ्याच यंत्राची किल्ली लावण्याचा घोळ होत नाहीं. यंत्र कचेरीचें असेल तर किल्ली कचेरीकडे असते. पण जी किल्ली कोठेंच सांठविलेली नाहीं, ती खुद्द कंपनीहि देऊं शकत नाहीं, हें तिनें स्पष्ट सांगितलें आहे. या एकाच प्रसंगीं दार बंद म्हणजे घरहि गेलें, असें म्हणण्याची वेळ येते. म्हणून ती किल्ली आज, सर्व सुरळीत असतांना, कागदावर उतरवून ठेवावी.

उतरवितांना चूक होऊं नये यासाठीं मास्तरांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. हे ४८ आंकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटाला ११ नें निःशेष भाग जातो. पांचवी-सहावींत शिकलेली कसोटी आठवा. विषम जागचे आंकडे मिळवा, सम जागचे मिळवा. दोन बेरजांचें अंतर शून्य किंवा ११ च्या पटींत आलें कीं भाग जातो. समजा गट आहे ४३१७२८. पहिला, तिसरा, पांचवा मिळून ४ आणि १ आणि २, म्हणजे ७. दुसरा, चवथा, सहावा मिळून ३ आणि ७ आणि ८, म्हणजे १८. अंतर ११, गट बरोबर. आतां घाईंत १ आणि ७ यांची अदलाबदल होऊन ४३७१२८ लिहिला गेला, तर बेरजा १३ आणि १२, अंतर १. चूक तात्काळ उघडी पडली. घरांतल्या मुलांना ही तपासणी करावयास सांगावी. त्यांना गणित समजेल आणि तुमची किल्ली बिनचूक राहील.

दार अडणें आणि घर जाणें यांतील भेद जगानें १९ जुलै २०२४ रोजीं पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडले. विमानें खोळंबलीं, आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. वाटलें कीं सगळेंच बुडालें. प्रत्यक्षांत दोष एका छोट्याशा फाईलींत होता. कंपनीनें सुमारें सव्वा तासांत अपडेट मागें घेतलें. परंतु अडलेल्या पुष्कळशा यंत्रांपुढें माणूस बसवून, 'सेफ मोड'मध्यें शिरून ती फाईल काढावी लागली. जेथें डिस्क कुलूपबंद होती तेथें आधीं ती ४८ आंकडी किल्ली शोधावी लागली. ज्यांनीं किल्ल्या नीट ठेवल्या होत्या त्यांचें काम लवकर उरकलें. यंत्रें पुसून टाकण्याची आवश्यकता सहसा कोणाला पडली नाहीं.

आणखी एका संकटाचा इशारा देतों. दार अडलें कीं मनुष्य घाबरून इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतो. तेथें ठकसेन टपलेले असतात. ते गोड बोलून दूरवरून तुमच्या यंत्राचा ताबा मागतात, ओटीपी विचारतात, आणि बँकेचें खातें रिकामें करतात. कोणतीहि खरी कंपनी आपण होऊन तुम्हांला फोन करून असें विचारीत नाहीं. चुकून पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी; जितकी लवकर नोंद होईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. आणि दुकानांत जावें लागलें, तर यंत्र हातांत देण्यापूर्वीं एकच वाक्य बोलावें: "आधीं आंतल्या वस्तूंची प्रत काढा, मग काय तें करा." चांगला कारागीर या वाक्याचा राग मानीत नाहीं.

शेवटीं घरच्या व्यवस्थेविषयीं. आपण सातबारा, विम्याची पावती, पेन्शनचे कागद कपाटांत जपून ठेवतों. त्यांच्याजवळच एक वही ठेवावी. तींत प्रत्येक यंत्रासाठीं एक पान. त्यावर खातें कोणत्या ई-मेलचें आहे, तें परत मिळविण्यासाठीं कोणता फोन नंबर जोडला आहे, आणि ती ४८ आंकडी किल्ली, एवढें लिहावें. वही लॅपटॉपाच्या पिशवींत मात्र ठेवूं नये. कुलपाजवळच किल्ली टांगून ठेवण्यासारखें तें होईल. आणि ही वही कोठें आहे तें घरांतील आणखी एका माणसाला ठाऊक असावें. घरचे सारे कागद एकट्या यजमानाच्या यंत्रांत, आणि परवलीचा शब्द एकट्या यजमानाच्या डोक्यांत, अशी स्थिति मीं अनेक घरांत पाहिली आहे. तो मनुष्य इस्पितळांत पडला म्हणजे बाकीच्यांनीं काय करावें?

माझ्या त्या लॅपटॉपाचें आतां काय, असें कोणी विचारील. तो अजून चालतो. पण त्या चौघींच्या गीतांच्या आतां दोन प्रती निघाल्या आहेत. एक बाहेरच्या डिस्कवर माझ्या कपाटांत, दुसरी मुलीच्या घरीं ठाण्याला. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं संध्याकाळीं दिवाबत्ती झाली कीं मी नव्या फायलींची प्रत काढतों, वहींतलें पान एकदां पाहतों, आणि मग अपडेटला मोकळीक देतों. दहा मिनिटांचें काम आहे. पुढचा दुसरा मंगळवार फार लांब नाहीं; त्यापूर्वीं आपल्या घरीं त्या वहीचें पहिलें पान लिहिलें जावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.